नेम लागल्यानंतर

मुलाने बंदूक मागितली तर ती त्याला द्यावी काय? हा प्रश्न लहान दिसतो. दिवाळीचा बाजार भरला, नाताळ जवळ आला, गावची जत्रा सुरू झाली की तो घरोघर निघतो, आणि पुष्कळदा खिशातल्या पैशांवर किंवा मुलाच्या रडण्यावर त्याचा निकाल लागतो. आजोबा म्हणतात, "खेळणेच ते, खेळू द्या." आई म्हणते, "आपल्या घरात बंदूक नको." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, परंतु बोलणे तेवढ्यावरच थांबते, आणि मूल मात्र एकदा आजोबांकडे, एकदा आईकडे पाहत उभे राहते.

या प्रश्नाकडे पालकांनी, आणि विशेषतः संडेस्कूलच्या शिक्षकांनी, जरा सावकाश पाहावे असे आम्हांला वाटते. दूर उभे राहून दुसऱ्यावर परिणाम घडविण्याची शक्ती हाती आली तर तिचे काय करावे, हा मोठ्या माणसांचाही प्रश्न आहे. बंदूक हाती घेणाऱ्या मुलाला तो आठव्या-नवव्या वर्षी भेटतो, एवढेच.

खेळणे की हत्यार?

बंदूक म्हटली तरी सगळ्या सारख्या नसतात. टिकल्यांची पिस्तूल आवाज करते, थोडा धूर सोडते. तिच्यातून बाहेर काही जात नाही. जत्रेत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बंदुकीतून हलकी गोल गोळी सुटते. तिने पक्षी सहसा मरणार नाही, परंतु डोळ्यावर बसली तर गंभीर इजा होऊ शकते. छऱ्याची बंदूक, जिला आपण एअरगन म्हणतो, ती या दोहोंहून वेगळी. तिची नळी मधोमध मोडली की आतली स्प्रिंग आवळली जाते. डमरूच्या आकाराचा शिशाचा छर्रा नळीत बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, आणि त्याच्यापुढे दाबली गेलेली हवा छऱ्याला बाहेर फेकते. दारू नाही, धूर नाही, मोठा आवाजही नाही. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जवळजवळ ज्वारीच्या दाण्याएवढा. ठरावीक मर्यादेखालच्या ताकदीच्या अशा बंदुकीला आपल्या देशात परवाना लागत नाही, म्हणून ती खेळण्यांच्या रांगेत जाऊन बसते. पण त्या दाण्याएवढ्या शिशाने होला मरतो, खार मरते, आणि माणसाचा डोळा कायमचा जातो. तिला खेळणे म्हणावे की हत्यार, हे चटकन सांगता येत नाही. आमची सारी अडचण येथूनच सुरू होते.

ही वस्तू मुलांच्या हाती देण्याची चाल अमेरिकेत कशी बळावली, त्याची हकीकत मनोरंजक आहे. मिशिगन राज्यातील प्लिमथ गावी शेतकऱ्यांसाठी लोखंडी पवनचक्क्या बनविणारी एक कंपनी होती. १८८८ मध्ये तिच्याकडे एका धातूच्या लहान हवेच्या बंदुकीचा नमुना आला, आणि पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ती बंदूक भेट म्हणून मिळू लागली. शेतकऱ्यांच्या घरी पवनचक्कीपेक्षा ही भेटच जास्त आवडली. पुढे पवनचक्क्या मागे पडल्या, आणि १८९५ मध्ये कंपनीने त्या बंदुकीचेच 'डेझी' हे नाव घेतले. बंदुकीत वापरायच्या गोल छऱ्यांच्या एका मापाला तिकडे 'बीबी' म्हणत. त्यावरून 'बीबी गन' हे नाव रूढ झाले. नाताळच्या झाडाखाली मिळालेली पहिली बीबी गन ही अमेरिकेतील कित्येक वृद्धांच्या बालपणाची आठवण आहे. अशा आठवणीत बहुधा दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात: कुंपणावर मांडलेले रिकामे डबे टणाटण पाडण्याचा आनंद, आणि त्याच कुंपणावरून पडलेला पहिला पक्षी.

त्याच देशात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंड शहरातील एका बागेत १२ वर्षांचा एक मुलगा प्लास्टिकच्या गोळ्यांची पिस्तूल घेऊन खेळत होता. ती खोटी आहे हे दाखविणारी नारिंगी खूण तिच्यावर उरलेली नव्हती. पोलिसांची गाडी आली, आणि काही क्षणांतच त्याच्यावर खरी गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. मुलाच्या मनात खेळ होता. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हत्यार दिसले. जी वस्तू देणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही की ती काय आहे, ती लहान मुलाने ओळखावी अशी अपेक्षा आपण कशी करावी?

परड्यातला नियम

आमचे लहानपण बेळगावात गेले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथे असल्याने गल्लीगल्लीत निवृत्त सैनिक असत. आमच्या गल्लीत मुलांना हाताळायला मिळे अशी एकच एअरगन होती, आणि ती अशाच एका निवृत्त हवालदारांची. आम्ही सारी मुले त्यांना हवालदारमामा म्हणत असू. त्यांच्या परड्यात चिऱ्याच्या भिंतीला लावून भाताच्या पेंढ्या रचलेल्या असत. त्यांच्यापुढे फळी, आणि फळीवर बिस्किटांचे रिकामे डबे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही तेथे जमत असू. एकेकाला पाच छर्रे मिळत. कोणाची पाळी कितवी, यावरून भांडणे होत. पण बंदूक मामांच्या हातून मुलाच्या हातात गेली, की सगळे आपोआप गप्प होत.

मामांचे नियम तीन होते. बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिचे तोंड माणसाकडे वळता कामा नये. चाप ओढण्यापूर्वी नेमाच्या पलीकडे काय आहे ते पाहायचे, कारण छर्रा डब्यापाशी थांबेलच असे नाही. आणि तिसरा नियम असा, की ज्याने जे पाडले ते त्यानेच चालत जाऊन उचलून आणायचे. पहिल्या दोन नियमांचा अर्थ आम्हांला कळत असे. तिसरा मात्र उगाच कवाईत वाटे. डबा पाडायचा, तीस पावले जायचे, तो पुन्हा उभा करायचा, तीस पावले परत यायचे. एवढ्यात आणखी दोन छर्रे मारून झाले असते!

एका शनिवारी मामा चहा घ्यायला आत गेले होते. आमच्यातल्या एका मोठ्या मुलाने फळीवरचा नेम उचलला आणि शेवग्याच्या फांदीवर नेला. तेथे होला बसला होता. बंदुकीचा तो बारीकसा 'टप्' आवाज झाला आणि होला खाली आला. आम्ही कोणी ओरडलो, कोणी टाळी वाजवली. मामा कप हातात घेऊन दारात आले, त्यांनी शेवग्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जा, घेऊन ये."

"मेलाय मामा," तो मुलगा म्हणाला.

"हितनं सांगू नको. जाऊन बघून सांग."

तो गेला. होला मेला नव्हता. त्याने तो दोन्ही ओंजळीत धरून आणला तेव्हा त्याचा चेहरा आम्ही कधीच पाहिला नव्हता असा झाला होता. पक्ष्याची छाती भराभर उडत होती आणि मुलाच्या अंगठ्यावर रक्ताचा एक थेंब होता. मामांनी पक्षी त्याच्या हातून घेतला नाही. त्याला पायरीवर बसविले आणि स्वतः शेजारी बसले. बराच वेळ गेला. आम्ही बाकीचे तेथेच उभे होतो. घरी जावे असे कोणालाही सुचले नाही. होला निपचित झाल्यावर मामांनी कुदळ आणून दिली, आणि शेवग्याखाली खड्डा खणून त्याच मुलाने त्याला पुरले. पुढच्या शनिवारी मामांनी बंदूक सर्वांत आधी त्याच्याच हातात दिली. तो पुढे सैन्यात गेला आणि सन्मानाने निवृत्त झाला.

मामांनी त्या पक्ष्याला वेदनेतून लगेच सोडवायला हवे होते, असे आज कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे खोटे नाही. त्यांनी केले ते सर्वांनी तसेच करावे, असेही आमचे सांगणे नाही. परंतु "हितनं सांगू नको" हे त्यांचे शब्द या विषयाच्या मुळाशी जातात असे आम्हांला वाटते. बंदुकीचा गुण म्हणा की दोष म्हणा, तो अंतरात आहे. हाताने कोंबडी कापणाऱ्याला तिची धडपड जाणवते. काठीने साप मारणाऱ्यालाही आपण काय करीत आहोत हे मनगटात कळते. चाप ओढणाऱ्या बोटाला मात्र सर्वत्र सारखेच लागते, मग पुढे बिस्किटाचा डबा असो की होला असो. बोट जे सांगू शकत नाही ते पायांनी चालत जाऊन कळून घ्यावे लागते. मामांचा तिसरा नियम त्यासाठी होता.

दोन मुले, दोन वाटा

ज्यांची नावे जगाला ठाऊक आहेत अशा दोन मुलांच्या गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत.

पहिला मुलगा मुंबईचा, सलीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. आईवडील लवकर गेल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी तो वाढला. मामांना शिकारीचा शौक होता. मुलाच्या हाती खेळण्यातली एअरगन आली आणि तो चिमण्या मारू लागला. एके दिवशी पाडलेली चिमणी त्याने उचलून पाहिली तेव्हा तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. मुलाने मामांना विचारले. मामांनाही सांगता आले नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले. मिलर्डसाहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे ओळखले, संस्थेचा पक्ष्यांचा संग्रह मुलाला दाखविला आणि काही पुस्तकेही वाचायला दिली. त्यांत मुंबईच्या पक्ष्यांवरचे 'ईहा' या टोपणनावाने लिहिलेले पुस्तक होते. हे ईहा म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन; स्कॉटिश मिशनरी पित्याच्या पोटी १८५१ मध्ये आपल्या साताऱ्यात जन्मलेले. त्या चिमणीपासून सलीम अलींचे पक्षिशास्त्र सुरू झाले. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले, तेव्हा त्याला त्यांनी चिमणीच्या पडण्याचेच नाव दिले.

दुसरा मुलगा अल्सास प्रांतातील गुन्सबाख खेड्याचा, अल्बर्ट श्वाइट्झर. जन्म १४ जानेवारी १८७५. वडील त्या गावचे लुथरन पाळक. सात-आठ वर्षांचा असताना त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने रबराच्या बेचक्या केल्या. उपवासकाळातील एका रविवारी सकाळी सोबती म्हणाला, चल, टेकडीवर पाखरे मारू. अल्बर्टला ते आवडले नाही. परंतु नाही म्हटले तर हा हसेल, या भीतीने तो गेला. निष्पर्ण झाडावर पाखरे गात होती, माणसांना पाहूनही उडत नव्हती. सोबत्याने दगड लावला. अल्बर्टनेही लावला, आणि आपला नेम चुकवायचा असे मनाशी ठरविले. इतक्यात खाली गावातील चर्चची घंटा वाजू लागली. त्याने बेचकी टाकून दिली, पाखरांना हुसकावून उडविले आणि तो घरी पळाला. पुढे तो मोठा धर्मपंडित झाला, संगीतज्ञ झाला, डॉक्टर होऊन १९१३ मध्ये आफ्रिकेतील लांबारेने येथे गेला. १९१५ मध्ये ओगोवे नदीतून जाताना 'जीवनाविषयी आदर' हा विचार त्याला सुचला. त्याला १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. बालपणीच्या त्या सकाळची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

या दोन गोष्टी संडेस्कूलमध्ये सांगायच्या तर पहिल्या मुलाला चुकलेला आणि दुसऱ्याला शहाणा ठरविण्याचा मोह होईल. तो आवरावा. सलीम अलींनी बंदूक टाकून दिली नाही. अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करताना त्यांनी ती पुढे कित्येक वर्षे वापरली. तरीही भारतातील पक्ष्यांसाठी, त्यांच्या पाणथळ जागांसाठी आणि रानांसाठी त्यांच्याइतके काम केलेला माणूस क्वचितच सापडेल. उलट श्वाइट्झर यांनाही हिंसेपासून सुटका मिळाली नाही. एकदा त्यांनी लोकांच्या हातून घारीसारखा मासे खाणारा एक पक्षी पैसे देऊन सोडविला. तो जगवायचा तर रोज लहान मासे मारून त्याला घालावे लागणार! एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला मारावे लागते, आणि त्याची जबाबदारी दर वेळी आपल्यावर येते, हे त्यांनी झाकून ठेवले नाही.

मग या दोघांत समान काय होते? एकाने पडलेल्या चिमणीला उचलून जवळून पाहिले. दुसऱ्याला पाखरू पडण्यापूर्वीच ते जवळून दिसले. दोघांनीही बंदुकीने किंवा बेचकीने निर्माण केलेले अंतर ओलांडले. आणखी एक गोष्ट समान होती. दोघांच्याही आसपास वडील माणसे होती. एकाला प्रश्न विचारायला मामा होते आणि उत्तर द्यायला मिलर्डसाहेब. दुसऱ्याच्या कानावर ऐन वेळी जी घंटा पडली, ती कोणीतरी रविवारच्या सकाळी दोर ओढून वाजवीत होता. त्या घंटा वाजविणाऱ्याला टेकडीवर काय घडले हे त्या वेळी कळलेही नसेल.

कायदा आणि चिमणी

येथे कोणी म्हणेल, "एवढा विचार कशाला? जे मारायला कायद्याने मनाई आहे ते मारू नये, म्हणजे झाले." कायदा हवा, यात शंका नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पुष्कळ पशुपक्षी वाचले. परंतु त्याच कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी यादी होती, आणि तीत कावळा, उंदीर, घूस, वटवाघूळ यांची नावे होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली. कावळ्याच्या अंगी त्या दिवशी काही नवे आले नाही. कायदा काय मारता येईल याची यादी करू शकतो आणि ती बदलूही शकतो. मारणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत ज्या रीतीने बोलते ती शिक्षकांनी नीट पाहावी. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे आढळले तर पिल्ले घेण्यास परवानगी आहे, परंतु पिल्लांवर बसलेल्या आईला सोडून द्यावे असे तेथे सांगितले आहे. सर्वस्वी मनाई नाही, सर्वस्वी मोकळीकही नाही. भुकेलेल्या माणसाचा हात घरट्यापर्यंत पोहोचलेला आहे, आणि अगदी तेथे त्याला थांबून विचार करावयास लावले आहे.

मत्तयाच्या १० व्या अध्यायात प्रभू येशू चिमण्यांविषयी बोलतो. तेथे बाजारातल्या चिमण्या आहेत, क्षुल्लक नाण्याला दोन मिळणाऱ्या. लूकच्या १२ व्या अध्यायात दोन नाण्यांना पाच, म्हणजे एक फुकट. अशा फुकट घातलेल्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणतो. हे वचन आपण सहसा स्वतःच्या धीरासाठी वाचतो. आपण पुष्कळ चिमण्यांहून मोलाचे आहोत, हा त्याचा शेवट आपल्याला आवडतो, आणि तो खराही आहे. पण त्या शेवटाकडे जाण्याच्या घाईत मधली चिमणी आपण ओलांडून जातो. प्रभूने उदाहरणासाठी आकाशात भरारी मारणारा गरुड घेतला नाही, जमिनीवर पडलेली चिमणी घेतली. ती पडते तेव्हा पित्याचे लक्ष तिच्याकडे असते. ज्याचे लक्ष पडलेल्याकडे आहे त्याची लेकरे म्हणविणाऱ्यांनी, आपल्या हातून पडलेल्याकडे पाठ फिरवून पुढचा छर्रा भरणे बरे दिसत नाही.

मग काय करावे?

बंदूक घरात मुळीच येऊ द्यायची नाही, असे ज्यांनी ठरविले आहे त्यांचा आम्ही आदर करतो. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मनाईने काम संपत नाही. ज्याला बंदूक मिळत नाही तो मुलगा पेरूची दुबेळकी फांदी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन बेचकी करतो. तीही नसली तर रस्त्यावर दगड पडलेलेच असतात. आणि आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. त्याच्या खेळात गोळी लागून पडलेला माणूस एका क्षणात पडद्यावरून नाहीसा होतो. त्याच्याकडे चालत जाण्याची सोयच ठेवलेली नाही. बंदूक नाकारणाऱ्या आईने कधीतरी मुलाच्या शेजारी बसून तो पडदाही पाहावा.

बंदूक देण्यात गैर नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे. नेम धरणे हे पाप नव्हे. श्वास आवरणे, नजर स्थिर ठेवणे, घाई न करणे, हे चांगले शिक्षण आहे. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, ते दहा मीटर एअर रायफलमध्ये. २०१२ मध्ये लंडनला हैदराबादच्या गगन नारंग यांनी त्याच प्रकारात कांस्यपदक घेतले. त्या स्पर्धेतला छर्रा आमच्या परड्यातल्या छऱ्याच्याच मापाचा, साडेचार मिलिमीटरचा असतो. आणि ज्या ठिपक्याला दहा गुण मिळतात तो दहा मीटरवरचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर असतो. शिवाय तेथे नेम लागल्यावर कागदाला भोक पडते, कोणाचा जीव जात नाही. मुलाला नेमबाजीची खरोखर आवड असेल तर त्याला अशा शिस्तीच्या जागी न्यावे.

बंदूक देणाऱ्याने मात्र एक किंमत मोजली पाहिजे, आणि ती दुकानात मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे. त्याने आपला वेळ दिला पाहिजे. पुष्कळ घरांत बंदुकीबरोबर "जपून खेळ रे" एवढे दोन शब्द दिले जातात, आणि देणारा वर्तमानपत्र उघडतो. छर्रा भिंतीवरून उसळून शेजारच्या मुलाच्या भुवईला लागला की मग आरडाओरडा होतो, बंदूक माळ्यावर जाते, मूल मार खाते. त्या मुलाने चूक केली खरी. पण तीस पावले त्याच्याबरोबर चालायला त्या दुपारी कोणी नव्हते, हेही तितकेच खरे.

मोठ्या माणसांनाही हे शिकता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. अरुणाचल प्रदेशात एअरगनने पक्षी मारण्याची चाल फार पसरली होती. मार्च २०२१ मध्ये तेथील पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावी एअरगन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम सुरू झाली. कोणावर जबरदस्ती नव्हती. तरी पुढच्या काळात दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या. एका बंदुकीने रान ओस पडत नाही. पण प्रत्येक घरातून एकेक छर्रा सुटू लागला, की पहाटे पक्ष्यांचा आवाज कमी होतो. तेथल्या लोकांनी तो कमी झालेला आवाज ऐकला, आणि ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांनीच ती खाली ठेवली.

संडेस्कूलच्या शिक्षकांना आमचे सांगणे असे, की हा विषय वर्गात मुलांच्या बोलण्यातून येऊ द्यावा. कोणी पक्षी मारल्याचे सांगितले तर प्रथम रागावू नये. मग तो कोठे पडला, कसा होता, त्याचा रंग कोणता, हे विचारावे. ज्याने पाहिले असेल तो सांगेल. ज्याने पाहिले नसेल तो गप्प होईल, आणि ते गप्प होणेही उपयोगाचे असते. एखाद्या रविवारी मुलांना चर्चच्या आवारातल्या झाडाखाली पाऊण तास शांत बसवावे आणि कोणकोणते पक्षी येतात ते मोजावयास सांगावे. नेम धरण्याला जी एकाग्रता लागते तीच येथेही लागते.

आणि मोठ्यांच्या वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. पण दुरून मारा करण्याची आपली साधने निराळी आहेत. उपासना संपल्यावर पायऱ्यांवर उभे राहून एखाद्या कुटुंबाविषयी सोडलेला शब्द, खाली नाव न लिहिता धाडलेले पत्र, मोबाइलवर विचार न करता पुढे ढकललेली बातमी. हेही छर्रेच आहेत. आवाज होत नाही, धूर निघत नाही, आणि कोणाला कोठे लागले हे आपल्याला दिसत नाही. ज्याला लागले तो पुढच्या रविवारी चर्चला येत नाही. "काही झालं नसेल त्याला," असे आपण पायरीवरूनच सांगतो.

त्याच्या घरापर्यंत पुष्कळदा तीस पावलेही नसतात. जाऊन पाहावे. रिकाम्या हाताने जायला संकोच वाटत असेल तर पाळकसाहेबांना बरोबर घ्यावे, पण जावे. आपण असे जातो हे घरातली मुले पाहतील, तर छऱ्याची बंदूक द्यावी की न द्यावी हा प्रश्न त्यांच्याबरोबर बसून सोडविणे आपल्याला थोडे सोपे होईल.